तुमच्या वतीने

तीर्थरूप दादास,

धाकट्या बहिणीचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग लिहिण्यापुरताच. प्रत्यक्षात मी ऑफिसातल्या खुर्चीत बसले आहे, आणि ही खुर्ची अशी आहे की एकदा पुढे वाकलं की परत सरळ व्हायला कोणाचा तरी हात धरावा लागतो.) तुझी प्रकृती उत्तम असेल, वहिनीची तुझ्याहून उत्तम असेल, आणि डॉक्टरांनी रोज चालायला सांगितल्यावर तू जे चालण्याचं यंत्र विकत घेतलंस त्याचीही प्रकृती चांगलीच असेल, कारण त्याच्यावर अजून कोणी चाललेलं नाही असं वहिनी परवा फोनवर म्हणाली. यंत्र फार मोठं निघालं, बैठकीच्या खोलीत मावेना, दारातून आत-बाहेर करताना तुझ्या पायाच्या अंगठ्याला लागलं, हेही कळलं. अंगठ्याला जप. घरासमोर रस्ता आहे, त्याच्यावर चालताना अंगठ्याला काही होत नाही, पण ते असो.

आईचे गुडघे कसे आहेत हे मी विचारत नाही, कारण त्या गुडघ्यांसकट ती माझ्याकडे कायमची राहायला येते आहे असं तू जाहीर केलंच आहेस. मला एकटीला तू लिहिलंस की माझ्याकडे यायचा हट्ट आईचाच आहे, आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलेला तुझा मजकूरही मी वाचला. त्यात तू म्हणतोस की मुंगीनं (माझं लहानपणचं नाव तू चारचौघांत वापरतोस, त्याचीही आता सवय झाली) फार आग्रह धरल्यामुळे आई पुढच्या महिन्यात तिच्याकडे जाईल, आम्हाला जड जाईल, पण बहिणीच्या आनंदाआड आम्ही येणार नाही. वाचून माझेच डोळे पाणावले. मावशीनं फोन करून माझ्या मोठ्या मनाचं कौतुक केलं, तोवर आपलं मन एवढं मोठं झालंय याचा मला पत्ताच नव्हता. तू माझ्या उत्तराची वाट बघत असशील (नसशीलच म्हणा, उत्तर तू देऊन मोकळा झाला आहेस), तर उत्तराला उशीर का झाला ते आधी सांगते आणि आईचं शेवटी लिहिते.

तुला माहीत आहे, आमची कंपनी लिफ्टची देखभाल करते. शहरातल्या बऱ्याच इमारतींच्या लिफ्ट आमच्याकडे आहेत. (मी स्वतः तिसऱ्या मजल्यावर राहते आणि आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. हे ऐकलं की लोक हसतात. तू हसू नकोस, हे पुढे कामाला येणार आहे.) तपासणीला मिस्तरी कधी येणार हे प्रत्येक इमारतीला कळवायचं, हे माझं काम. इतकी वर्षं मी ते ईमेल स्वतः लिहीत होते आणि मला त्यात काही कमीपणा वाटत नव्हता. कुठल्या सेक्रेटरीला 'कृपया' दोनदा लागतं, कुठल्या इमारतीत दातांचा डॉक्टर आहे आणि तो दात काढत असताना लिफ्ट बंद केलेली चालत नाही, कोणाला आठवण करून दिली की राग येतो आणि कोणाला नाही दिली की राग येतो, हे सगळं माझ्या डोक्यात होतं. आमच्या साहेबांना हेच खुपायचं. एखादी गोष्ट माणसाच्या डोक्यात आहे म्हटलं की त्यांना रात्री झोप लागत नाही. म्हणून त्यांनी एक प्रोग्राम विकत घेतला. तो आपण होऊन तारखा बघतो, आपण होऊन ईमेल लिहितो, आपण होऊन पाठवतो. साहेबांनी सगळ्यांना जमवून टाळ्या वाजवायला लावल्या आणि मला म्हणाले, "ताई, आता तुम्ही फक्त बसायचं." त्यांनी दिलेल्या आश्वासनांपैकी शब्दशः पाळलं गेलेलं हे एकच.

पहिल्या दिवशी प्रोग्राम सुरू केला आणि माझ्या पडद्याच्या बरोबर मध्यभागी एक चौकट उघडली. तिच्यात लिहिलं होतं: 'एक प्रोग्राम तुमच्या वतीने ईमेल पाठवू पाहत आहे. तुम्हाला हे अनपेक्षित असेल तर नाकारा.' खाली दोन बटणं, एक 'परवानगी द्या' आणि दुसरं 'नाकारा'. ईमेलच्या खाली सही माझी जाते ना, म्हणून विचारणा मला. मी आपली लगेच परवानगी द्यायला गेले तर ते बटण करडं, मेल्यासारखं पडलेलं. त्याच्यावर एक हिरवी पट्टी हळूहळू भरत जाते, ती पूर्ण भरली की मग बटण जागं होतं. पाच सेकंद लागतात. माणसानं विचार करावा म्हणून ही सोय आहे म्हणे. मी विचार केला, परवानगी दिली, ईमेल गेला, आणि चौकट पुन्हा उघडली. दुसरी इमारत. पुन्हा पट्टी, पुन्हा विचार, पुन्हा परवानगी. दुपारपर्यंत माझ्या लक्षात आलं की या सगळ्या कारभारात आपोआप चालणारी वस्तू एकच आहे आणि ती म्हणजे मी. (संध्याकाळी घरी गेल्यावर आमच्या ह्यांनी विचारलं, पंखा लावू का? मी पाच सेकंद त्यांच्याकडे बघत बसले. ते घाबरले.)

साहेबांना सांगितलं तर त्यांनी प्रोग्राम विकणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, आमचा प्रोग्राम गायीसारखा गरीब आहे, चौकट ईमेलवाल्यांची. ईमेलवाले म्हणाले, आम्ही तर विश्वासानंच वागतो, तुमच्या संगणकावर पहारा कोणाचा आहे ते बघा. मग पहाऱ्यासाठी नेमलेले सुरक्षा सल्लागार आले. त्यांना ऑफिसात सगळे कुलूपवाले म्हणतात. त्यांनी चौकट बघितली आणि त्यांचा चेहरा लेकराचं बाळसं बघावं तसा खुलला. ही चौकट म्हणजे तुमचं कवच आहे, ती बंद करणं म्हणजे घराचं दार काढून ठेवणं, असं तासभर बोलले. उद्या एखादा भामटा प्रोग्राम ताईंच्या नावानं काहीबाही पाठवू लागला तर? म्हणून प्रत्येक चौकट नीट वाचायची, विचार करायचा, मगच दाबायचं. त्यांनी माझ्या पडद्याच्या वरच्या कडेला एक चिठ्ठी चिकटवली: 'थांबा. वाचा. मग दाबा.' ते गेल्यावर साहेब आले आणि त्यांनी तिच्या खाली दुसरी लावली: 'वेळ वाया घालवू नका.' त्या दोन चिठ्ठ्यांच्या मधल्या जागेत मी आठवडेच्या आठवडे नोकरी केली. दादा, कुलूपवाले मूर्ख नाहीत. चौकटीचं म्हणणंही खोटं नाही. पण एका माणसाला दिवसभर तोच प्रश्न विचारत राहिलं तर तो उत्तर देत नाही, नुसती मान हलवतो, हे त्यांच्या कुठल्याच अभ्यासक्रमात नसावं.

आता आमच्या मिस्तरींचं सांगते. हे आमचे सगळ्यात जुने लिफ्टवाले. तोंडात सदैव स्क्रू पिळायचा पेचकस, त्यामुळे ते बोलतात थोडं आणि तेही एका बाजूनं. लिफ्टचं दार बंद होताना मध्ये कोणी आलं तर दार मागं फिरावं म्हणून तिथे एक डोळा बसवलेला असतो. दुरुस्ती चालू असताना हा डोळा फार छळतो, सारखा दार उघडतो. मग मिस्तरी लोक काय करतात, त्याच्यावर पुठ्ठ्याचा तुकडा बसवतात किंवा तार आडवी टाकून त्याला गप्प करतात, आणि काम झालं की काढतात. (काढतातच असं ते शपथेवर सांगतात.) माझ्या टेबलापाशी चहा पीत उभं राहून त्यांनी ती चौकट उघडताना आणि मिटताना बघितली, आणि पेचकस तोंडातून काढून म्हणाले, "हा डोळा आहे. याला गप्प करता येईल."

दुसऱ्या दिवशी त्यांनी एका भंगारातल्या लिफ्टच्या दाराची छोटी मोटर आणली. तिला एक दांडी, दांडीच्या टोकाला दाराच्या कडेचं काळं रबर. चौकट नेहमी पडद्याच्या मध्यभागीच उघडते, म्हणून माउसचा बाण 'परवानगी द्या'वर नेऊन ठेवला, माउस टेबलाला चिकटपट्टीनं बांधून टाकला, आणि त्याच्यावर ती मोटर बसवली. दर थोड्या वेळानं रबराचं बोट खाली यायचं, माउसच्या पाठीवर टक् करून एक थाप मारायचं आणि वर जायचं. पट्टी भरायला लागणारा वेळ मिस्तरींनी पाना फिरवून फिरवून असा अचूक साधला होता की चौकट उघडावी, विचार व्हावा आणि टक्. आम्ही त्याचं नाव होयबा ठेवलं. बारसंच राहिलं तेवढं. ऑफिसातली माणसं कामं टाकून त्याला बघायला यायची. काहीही विचारा, याचं उत्तर ठरलेलं. हिशेब तपासनीस तर म्हणाले की साहेबांच्या बैठकीला आपण सगळ्यांनी जाण्यापेक्षा याला पाठवावं. मला एवढंच कळलं की कितीतरी दिवसांनी माझे दोन्ही हात मोकळे झाले. मी डबा खाताना डबा खाऊ लागले.

आणि एके दिवशी डबा खातानाच ते झालं. साहेबांना रिकामं बसवत नाही. ते आपल्या काचेच्या खोलीतून प्रोग्राममध्ये शिरले आणि ईमेलचे नमुने चाळत बसले. त्यात 'वार्षिक तपासणी' ही ओळ आहे आणि तिच्या लगेच खाली 'आणीबाणी' ही ओळ आहे. साहेबांनी खालची निवडली, सगळ्या इमारती निवडल्या, 'पाठवा' दाबलं आणि जेवायला गेले. इकडे माझ्या रिकाम्या खुर्चीसमोर चौकट उघडली. एक प्रोग्राम तुमच्या वतीने ईमेल पाठवू पाहत आहे. टक्. पुढची इमारत. टक्. मी परत येऊन बघते तो होयबा आपलं काम चोख करून दमल्यासारखा वर-खाली होत होता, आणि शहरभर माझ्या सहीचा ईमेल पोचला होता की आपली लिफ्ट धोकादायक असल्याचं आढळून आलं आहे, ती तत्काळ बंद करावी, पुढील सूचनेपर्यंत कोणीही वापरू नये.

मग जे झालं ते तू डोळ्यांसमोर आण. वर्षानुवर्षं एकाच इमारतीत राहून एकमेकांचं तोंड न बघितलेली माणसं जिन्यात भेटली आणि त्यांना कळलं की आपण का भेटत नव्हतो. दातांच्या डॉक्टरकडे चढून जाता जाता लोकांचं दुखणं थांबलं आणि ते अर्ध्या जिन्यातून परतले. एक भलामोठा सोफा चौथ्या मजल्यावर अडकला आणि हमाल त्याच्यावरच आडवे झाले. आणि कुलूपवाल्यांचं ऑफिस आमच्याच एका इमारतीत अगदी वरच्या मजल्यावर आहे. त्यांचं त्या दिवशी तिथे व्याख्यान होतं, विषय 'संशयास्पद ईमेल कसा ओळखावा'. आमचा ईमेल त्यांनी वाचला, त्यावर बिनतक्रार विश्वास ठेवला आणि पिशवी पाठीला लावून जिना चढले. व्याख्यान झालं नाही, कारण वर पोचल्यावर त्यांना बोलता येईना.

इथवर मीही हसत होते, दादा. मग एक फोन आला. एक निवृत्त शिंपी, एकटेच राहतात, सहाव्या मजल्यावर. ईमेलच्या खाली माझं नाव आणि नंबर होता म्हणून त्यांनी मलाच केला. ते ओरडले नाहीत. त्यांनी विचारलं, "बाई, मी खाली कधी येऊ?" त्यांना पाय उचलून जिना उतरता येत नाही, संध्याकाळी खाली बाकावर बसायला जायचं एवढाच त्यांचा दिवस. मी सांगू लागले की काका, चूक झाली आहे, लिफ्ट चांगली आहे, तर ते म्हणाले, नाही नाही, तुम्ही लिहिलंय म्हणजे विचार करूनच लिहिलं असणार, मी थांबतो. माझ्या नावावर त्या माणसाचा इतका विश्वास, आणि माझ्या नावाच्या जागी एक रबराचं बोट. मी मिस्तरींना घेऊन स्वतः तिथे गेले, लिफ्ट चालू करून दिली आणि काकांबरोबर खालपर्यंत आले. बाकावर बसल्यावर त्यांनी माझे आभार मानले. मला त्याहून शिव्या परवडल्या असत्या.

ऑफिसात परतले तर चौकशी बसलेली. 'आणीबाणी'ची ओळ कोणी निवडली हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. प्रोग्राम विकणारा म्हणाला, आमच्या प्रोग्रामनं रीतसर विचारलं होतं. ईमेलवाले म्हणाले, आम्ही रीतसर चौकट दाखवली होती. कुलूपवाले बोलू शकत नव्हते, त्यांनी नुसतं बोट केलं, माझ्याकडे. आणि साहेब फार दुःखी आवाजात म्हणाले, "पण ताई, परवानगी तर तुम्हीच दिलीत ना?" तेव्हा मला त्या चौकटीचा खरा उपयोग समजला. कोणाच्या हातून काय जातं ते अडवण्यासाठी ती ठेवलेलीच नाही. गेल्यावर ओरडा कोणी खायचा, एवढं ठरवण्यापुरती ती आहे. (मिस्तरी पुढे होऊन म्हणाले की मोटर माझी. साहेबांनी त्यांना सांगितलं की मोटरच्या नावावर ईमेलचं खातं नसतं.) होयबा त्याच संध्याकाळी उतरवला गेला.

दुसऱ्या दिवशी मी खुर्चीत बसते तो चौकट उघडली. एक प्रोग्राम तुमच्या वतीने ईमेल पाठवू पाहत आहे. सवयीनं हात गेला, पण ते शिंपीकाका आठवले. मी थांबले आणि आयुष्यात पहिल्यांदा चौकटीच्या मागचा ईमेल उघडून वाचला. साहेबांनी काचेच्या खोलीत बसून माझ्या सहीचं माफीपत्र तयार केलं होतं. 'माझ्या वैयक्तिक निष्काळजीपणामुळे आपणास झालेल्या त्रासाबद्दल मी शरमिंदी आहे, व्यवस्थापनाचा यात काहीही दोष नाही.' सगळ्या इमारतींना. मला एका शब्दानं विचारलेलं नाही. म्हणजे मनुष्यमात्रानं विचारलेलं नाही. विचारलं होतं ते त्या चौकटीनं, तिनं एकटीनं. मी हिरव्या पट्टीकडे बघत बसले आणि इतक्या दिवसांत न दिसलेली एक गोष्ट दिसली. 'परवानगी द्या' जागं व्हायला वेळ लागतो, पण 'नाकारा' पहिल्या क्षणापासून जागंच असतं. हो म्हणायला थांबावं लागतं आणि नाही केव्हाही म्हणता येतं. आपल्या घरात हे कायम उलटं होतं, नाही का रे?

मी 'नाकारा' दाबलं. पुढची इमारत, नाकारा. पुढची, नाकारा. काय सांगू तुला, इतकं हलकं मला माहेरी आल्यावरही वाटत नाही. थोड्या वेळानं साहेब खोलीतून ओरडले की ताई, ईमेल जात नाहीयेत, अडकलेत कुठेतरी. मी म्हटलं, अडकले नाहीत साहेब, मला विचारलं, मी नाही म्हटलं. हिशेब तपासनीसांनी बेरजेच्या यंत्रावरचं बोटही उचललं नाही. साहेब ओरडणार तरी कशावर? चौकट नीट वाचायला तर त्यांच्याच पैशानं आलेल्या माणसानं शिकवलं होतं, आणि तशी चिठ्ठी माझ्या पडद्यावर अजून होती. शेवटी त्यांनी मला जबर शिक्षा द्यायची ठरवली. सगळ्या ईमेलांखालची माझी सही काढून टाकली आणि तिथे स्वतःची घातली. आता विचारणा त्यांच्या पडद्यावर होते. काचेतून मला दिसतं, साहेब सकाळपासून बसलेले असतात, मान थोडी पुढे, पट्टी भरण्याची वाट बघत. कधी कधी त्यांना चहा विचारला तर ते पाच सेकंद नुसते बघतात. मी आता फोन करून तारखा सांगते, पूर्वीसारखं 'कृपया' हवं तिथे दोनदा म्हणते, आणि शिंपीकाकांना आधी विचारते की आपल्याला कुठली वेळ सोयीची.

तर असा उशीर झाला. तुझा फार वेळ घेतला, पण माझ्याकडे भरपूर वेळ असतो असं तूच सगळ्यांना सांगतोस, म्हणजे तो तुझ्याकडेही असणार. आमचे हे मजेत आहेत. परवा एका घरी गेलो होतो, तिथे चहाचं विचारल्यावर ते नेहमीप्रमाणे म्हणाले की हिला नको, ही घेत नाही. मी म्हटलं, घेते, दोन चमचे साखर घालून. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यांना ही बातमी होती. वहिनीला नमस्कार, अंगठ्याला मलम.

तुझी आज्ञाधारक (हा शब्द पत्राच्या शेवटी शोभतो म्हणून),
मुंगी

ता. क. आईचं शेवटी लिहिते म्हटलं होतं. मी तिला फोन केला. तिनं पहिलाच प्रश्न केला की तू एवढा हट्ट का धरलास गं, तुझ्याकडे तीन जिने, मी वर आले की परत खाली काही उतरणार नाही. मी म्हटलं, मला तर कळलं हट्ट तुझा आहे. मग आम्ही दोघी खूप हसलो. हसता हसता ती थांबली आणि म्हणाली की तुला बोलवायचं आहे तर मोडता कसा घालू, म्हणून तिनं गॅलरीतल्या कुंड्या शेजारच्या बाईंना द्यायला सुरुवात केली आहे. जुईची कुंडी गेली, दोन गुलाब गेले. तिच्या खोलीतली खाट काढून कुठे ठेवायची याचं माप तू घेऊन गेलास आणि यंत्राचं मापही त्याच दोरीनं घेतलंस, तेही तिनं पाहिलं. ती काही बोलली नाही, कारण तुला वाईट वाटेल. दादा, मला फार राग आला आणि त्याहून जास्त रडू आलं. तू तिला माझ्या वतीनं विचारलंस, मला तिच्या वतीनं कळवलंस, आणि आम्हा दोघींच्या वतीनं हो म्हणून टाकलंस. संगणक परका, पण निदान चौकट तरी दाखवतो. तर विनंती एवढीच की कुंड्या परत आण आणि खाट आहे तिथेच राहू दे. यंत्र तुझ्या झोपायच्या खोलीत मावतं, वहिनीनं मोजून पाहिलं आहे. जुईची कुंडी आधी आण, तिला रोज पाणी लागतं.

ता. क. २. आई माझ्याकडे येणार आहे. चार दिवस, पाहुणी म्हणून, परतीचं तिकीट हातात घेऊन. हे मी तिला स्वतः विचारलं. तिनं जरा वेळ घेतला आणि मग स्वतः हो म्हणाली. मिस्तरी आणि त्यांचा जोडीदार तिला खुर्चीत बसवून वर आणतील आणि खालीही पोचवतील.

ता. क. ३. सोबतच्या पार्सलमध्ये होयबा आहे. साहेबांनी तो मिस्तरींकडे गुपचूप मागितला होता, पण तोवर मी बांधून टाकला होता. तुला पुढच्या वेळी आमच्या कोणाची परवानगी लागली तर त्याच्यासमोर बस. नुसता प्लगला जोडायचा. वीज थोडी खातो, पण कुंड्या लावत नाही आणि त्याला गुडघेही नाहीत.

ता. क. ४. जाता जाता एक राहिलं. नातेवाइकांच्या ग्रुपवर आज सकाळी मी तुझ्या वतीनं कळवलं आहे की आई तिच्या घरी तिच्याच खोलीत राहणार आहे, हा निर्णय सर्वस्वी तुझा आहे, आणि तुला त्याचा अतिशय आनंद झाला आहे. मावशीनं तुझ्या मोठ्या मनाचं फार कौतुक केलं. तुला विचारायचं मात्र राहून गेलं.